सहा नंबरचा सांधा

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडे म्हणायचे. म्हणून इथेही एकदाच लिहिते: कमलाकांत सगदेव, टेलिफोन मेकॅनिक, आधी अमरावती, मग अकोला. यापुढे मी 'हे' असंच म्हणणार. कोणाचा गोंधळ उडाला तर त्याने वरची ओळ परत वाचावी.

यांच्या पायाला भिंगरी होती आणि बोटांना त्याहून मोठी. १९५३ साली अकोल्याला मला पाहायला आले तेव्हा डाव्या हातात पोह्यांची बशी आणि उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर टकटक, टकटक. माझे वडील वकील. समोरच्या माणसाच्या हालचालींवरून त्याचा खटला ओळखायची त्यांना सवय. त्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. मोजून राहिलो."

"काय मोजून राहिले?"

"काही नाही, सवय आहे," असं म्हणून यांनी हात मांडीखाली दाबला. थोड्या वेळाने मांडी हलायला लागली.

लग्नानंतर मला त्या मोजण्याचा उलगडा झाला. जबलपूरच्या ट्रेनिंगमध्ये यांनी माणसाशिवाय चालणारं टेलिफोन एक्स्चेंज पाहिलं होतं. अमरावतीला तेव्हा फोन उचलला की ऑफिसातलं माणूस नंबर विचारायचं आणि हाताने दोरी खुपसून जोडून द्यायचं. जबलपूरला मात्र गोल तबकडीच्या भोकात बोट घालायचं, फिरवायचं आणि सोडायचं. पाचच्या भोकात बोट घातलं की तबकडी परत येताना तारेतून पाच ठोके जातात, तिकडे एक पितळी चाक पाच पावलं पुढे सरकतं आणि बरोबर पाचव्या घराशी थांबतं. सगळा कारभार मोजण्यावर. ते पाहून आल्यापासून या माणसाची शांती गेली. जेवताना मोजायचे, चालताना मोजायचे, माझ्याशी बोलतानाही मोजत असायचे आणि मी काय बोलले ते विचारलं तर माहीत नसायचं.

घरात अर्धवट वस्तूंचा बाजार भरला होता. सासूबाईंच्या देवघरासाठी विजेची घंटा केली, ती एकदा वाजू लागली ती थांबेना. शेजारच्या वकिलांची पेटी दुरुस्तीला आणली, तिचे सूर दोन वर्षं आमच्या फडताळात सुटे पडून होते. नव्या वस्तूला हात घातला की जुनी विसरली. सासूबाई म्हणायच्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मी सुनेच्या नात्याने गप्प बसायची, पण मनातून सासूबाईंच्या बाजूने होते.

१९५६ मध्ये यांच्या साहेबांनी तेच इंग्रजीत लिहिलं. नोकरीच्या कागदावर शेरा पडला: हुशार, पण चंचल, हातात घेतलेलं काम पुरं करत नाही. हेडक्लार्कने सांगितलं म्हणून यांना कळलं. घरी येऊन तो शेरा यांनी मला जसाच्या तसा ऐकवला आणि मग पुढच्या दारापासून मागच्या अंगणापर्यंत फेऱ्या घालत राहिले. मी पोळ्या लाटत होते. कणीक संपली तरी फेऱ्या चालूच होत्या. त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच की कधी आपल्या भागात आपोआप चालणारं एक्स्चेंज आलंच, तर त्याच्या ट्रेनिंगला हा माणूस जाणार नाही. यांना आयुष्यात दुसरं काही नकोच होतं.

रेल्वेचं खूळ शिरलं ते नत्थुजींमुळे. आम्ही राजापेठेत राहायचो आणि शेजारच्या खोलीत नत्थुजी. मूळ भातकुलीचे, शेती भावाकडे, स्वतः रेल्वेत सांधेवाले. रूळ जिथे फुटतो, एक फाटा सरळ जातो आणि दुसरा वळतो, तिथे रुळाची एक निमुळती पट्टी असते. ती इकडे सरकवली की गाडी सरळ जाते, तिकडे सरकवली की वळते. त्याला सांधा म्हणतात. हाताने हलवायचा सांधा असला की नत्थुजींनी खडीतून चालत जायचं, लोखंडी दांडा ओढायचा, परत यायचं, पुन्हा दुसऱ्या सांध्याकडे जायचं. उन्हाळ्यात दांडा इतका तापायचा की फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नसे.

हे ऐकून यांची बोटं गुडघ्यावर नाचू लागली. "एका जागी बसायचं, नत्थुजी. आकडा फिरवायचा. सहा फिरवला की सहावा सांधा हलला पाहिजे. मग एक फिरवला तर सरळ, दोन फिरवला तर वळण."

झालं. माजघरातला माझा पाट, चौरंग, जात्याची जागा, सगळं गेलं आणि तिथे एक लांबलचक फळी आली. डालड्याच्या डब्याचे पत्रे कापून रूळ झाले. कागदाच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळून चुंबकं झाली, एका सांध्याला दोन, पट्टी इकडे ओढायला एक आणि तिकडे ओढायला एक. भंगारातून तबकडी आणली, ठोके मोजणारं पितळी चाक आणलं. इंजिन म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठी वस्तू, पण चालायचं तेव्हा खरोखर गाडीसारखा आवाज करायचं. दहा सांधे, एक स्टेशन. स्टेशनच्या पाटीवर नाव नव्हतं, कारण नाव ठरायचं होतं.

पहिला सांधा हात न लावता हलला त्या दिवशी यांनी नत्थुजींना ओढत आणलं. तबकडी फिरवली, पट्टी खट्कन सरकली. नत्थुजी खाली बसले, फळीला गाल लावून बराच वेळ पाहत राहिले.

"हालला तं खरा," ते म्हणाले. "पन लागला का नाई, हे पायते कोन?"

"हलला म्हणजे लागलाच ना."

"तसं नसते, सायेब. मी दांडा ओढतो, मंग वाकून पायतो, पट्टी रुळाले चिकटली का नाई. मधात येवढासा खडा अडकला तं गाडी गेली खाली. तुमी इथं बसून आकडा फिरवान, तिथचं तुमाले कोन सांगन?"

यांना राग आला. "खडा अडकणारच नाही," म्हणाले आणि चहा न पिता उठले. नत्थुजी माझ्याकडे पाहून हसले आणि यांच्या वाटणीचाही चहा प्यायले.

एकोणसाठ साली अकोल्याला बदली झाली. ती फळी दोन तुकड्यांत, गोधड्यांत गुंडाळून ट्रकमधून आली. माझी लोणच्याची बरणी त्याच ट्रकमध्ये फुटली, तिची कोणी विचारपूस केली नाही. जठारपेठेतल्या भाड्याच्या घरात पुढची खोली फळीने अडवली. पाहुणे आले की तिच्या कडेने तिरपे होऊन आत यायचे. आणि तरी ती पुरी होत नव्हती. सात सांधे चालायचे तेव्हा तीन रुसलेले, त्या तिघांची समजूत घातली की इंजिन रुसायचं. मी चिडायची. माझं माहेर त्याच गावात असल्याने चिडून जायला जागाही जवळ होती.

त्रेसष्टमध्ये केशवराव नावाचे नवे साहेब आले. पुण्याकडचे, मऊ बोलणारे, पण कागदाला फार मानणारे. नवं आपोआप चालणारं एक्स्चेंज येणार अशी बातमी त्यांच्याबरोबरच आली. दोन माणसं वर्षभराच्या ट्रेनिंगला पाठवायची होती. हे सरळ त्यांच्या खोलीत गेले. केशवरावांनी जुना शेरा वाचून दाखवला आणि म्हणाले, "दसऱ्याला आपल्या क्लबात संमेलन आहे. तुमची ती रेल्वे तिथे आणा. आकडे मी स्वतः फिरवेन. दहा मिनिटं नीट चालली, तर हा शेरा मी बदलतो आणि यादीत तुमचं नाव घालतो. तुम्ही एखादी गोष्ट पुरी करू शकता, एवढंच मला पाहायचं आहे."

पुढचे दोन महिने मी असा माणूस पाहिला की ओळखू येईना. पायाची भिंगरी तीच, पण आता ती एका जागेभोवती फिरत होती. ऑफिसातून आले की सदरा न काढता फळीपाशी. नवरात्र बसलं तेव्हा दहाही सांधे चालत होते. अष्टमीला यांनी सलग शंभर आकडे फिरवले आणि एकही चुकला नाही. मी मोजत होते. मीच मोजत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं आणि माझं मलाच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे शस्त्रांची, अवजारांची पूजा असते. विळी, अडकित्ता, कोयता, सासऱ्यांची जुनी तलवार, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी नमस्कार करायचा. सासूबाईंनी विचारलं, "कमलाकांत, तुझ्या त्या गाडीला कुंकू लावायचं का?"

"अजिबात नाही," हे ओरडलेच. "कोणी तिला बोटही लावायचं नाही." आणि क्लबात टेबलं मांडायला निघून गेले.

सासूबाई म्हणाल्या, "नको तर नको. त्याचं त्याला कळतं." त्या देवळात गेल्या. मी एकटी घरात.

मला सांगता येत नाही मला काय झालं ते. दोन महिने माझा जीव टांगणीला लागला होता. सगळ्या अवजारांची पूजा झाली आणि ज्या एका वस्तूवर यांचं सगळं आयुष्य अडकलं होतं तीच तेवढी कोरडी राहिली, हे मला बघवेना. मी ताम्हन घेतलं आणि गेले. इंजिनाला बोट लावलं. दहाही सांध्यांना लावलं. यांनी त्या पितळी चाकाचं झाकण काढून ठेवलं होतं. चाकाशेजारी चांदीच्या दोन बारीक टिकल्या होत्या, त्या एकमेकींना टेकायच्या आणि सुटायच्या, ठोका तिथेच व्हायचा. हे मला यांनीच कधीतरी हौसेने दाखवलं होतं. मला वाटलं, जीव इथे आहे. मी तिथे कुंकू लावलं आणि हात जोडले.

मग भीती वाटली. हे येतील, पाहतील, ओरडतील. मी पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि सगळं पुसून काढलं. इतकं नीट पुसलं की कुठेही लाल दिसेना. कुंकू तसंच राहिलं असतं तर यांना दिसलं असतं, दोन शिव्या घालून यांनी ते साफ केलं असतं आणि विषय संपला असता. मी ते पुसताना त्या टिकल्यांच्या मधल्या फटीत दाबून बसवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे हात माझा होता आणि अवलक्षण यांच्या वाट्याला आलं.

दसऱ्याला सकाळी फळी हातगाडीवरून क्लबात गेली. जोडायला वेळ लागला. घाईत यांनी दोनच सांधे फिरवून पाहिले, ते ठीक होते. पुरुष खुर्च्यांवर, आम्ही बायका उजवीकडे सतरंजीवर. केशवराव तबकडीपाशी बसले. तीन, एक. गाडी सरळ गेली. सात, दोन. गाडी वळली. लोक खुर्च्यांवरून उठून पाहायला लागले. हे मागे हात बांधून उभे होते आणि त्यांची बोटं पाठीमागे नाचत होती. आठ मिनिटं झाली होती. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, माझी नजर तिथून हलत नव्हती.

मग केशवरावांनी सहा फिरवला आणि दोन फिरवला. गाडी पाचव्या सांध्यावरच वळली. सहा ठोक्यांतला एक कुठेतरी गळला होता, चाकाने पाचच मोजले. पाचवा फाटा फळीवर उभ्या केलेल्या मालगाडीच्या डब्यांकडे जात होता. इंजिन त्यांच्यावर आदळलं, फळीवरून खाली पडलं आणि पालथं पडून चाकं फिरवत राहिलं. आधी कोणीतरी एक हसला, मग सगळे हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले.

यांनी झाकण काढलं. टिकल्यांवरून करंगळी फिरवली आणि ती डोळ्यांपुढे धरली. मग मान वळवून सतरंजीकडे पाहिलं, सरळ माझ्याकडे. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मागे ऑफिसातल्या सगळ्या बायका. मला फक्त उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. मी मूग गिळून बसले आणि खाली सतरंजीच्या पट्ट्यांकडे पाहत राहिले.

"काय झालं, सगदेव?" केशवरावांनी विचारलं.

"तपासायला हवं होतं," हे म्हणाले. "मी तपासलं नाही."

"प्रयत्न चांगला होता," केशवराव म्हणाले, आणि आपट्याची पानं वाटायला उठले. पंधरा दिवसांनी यादी लागली. त्यात दुसऱ्याच दोघांची नावं होती.

मी ओरडा खायची तयारी करून बसले होते. तो आलाच नाही. यांनी फळी उचलून भिंतीशी उभी केली आणि तिच्यावर चादर टाकली. पुढची खोली मोकळी झाली, पाहुणे सरळ चालत आत येऊ लागले. आणि हे आरामखुर्चीत बसू लागले. नुसते. बोटं स्थिर, पाय स्थिर. दहा वर्षं मी या माणसाला म्हणत आले होते, जरा एका जागी बसा. आता ते बसले तर मला घरात राहवेना. मीच या खोलीतून त्या खोलीत जायची, परत यायची, डबे उघडायची, लावायची. सासूबाई म्हणायच्या, "तारा, तुझ्या अंगात काय शिरलं?" मी दहा वेळा सांगायला जायची आणि दहा वेळा "चहा करू का?" असं विचारून परत यायची. हे म्हणायचे, कर. कर म्हटलं की मला रडू यायचं.

चौसष्टचं नवरात्र आलं. खंडेनवमीला मी पाट मांडला, विळी मांडली, अडकित्ता मांडला आणि हातातलं ताम्हन तिथेच ठेवून पुढच्या खोलीत गेले. म्हटलं, "मागच्या वर्षी गाडीला कुंकू मी लावलं होतं. पुसलंही मीच."

यांनी वर पाहिलं. "माहीत आहे."

"मग काहून बोलले नाहीत?"

यांनी वर्तमानपत्राची घडी पालटली. मला इतका संताप आला, त्यांचा, माझा, सगळ्यांचाच, की दसरा उलटल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी मी नऊवारी नेसून एकटी केशवरावांच्या ऑफिसात गेले. चपराशाने अडवलं. मी म्हटलं, "साहेबांना सांगा, सगदेवांची बायको आली आहे आणि ती जाणार नाही."

केशवरावांनी खुर्ची दिली. मी बसले नाही. उभ्याने सगळं सांगितलं, ताम्हनापासून पदरापर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं.

"वहिनी, हे त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी तासभर थांबून पुन्हा आकडे फिरवले असते. त्या दिवशी का नाही बोललात?"

"भ्याले," मी म्हटलं. "सगळे हसून राहिले होते. मला वाटलं, आता माझ्यावर हसतील."

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "पहिली तुकडी तर गेली."

"मी तुकडीसाठी नाही आले. तुमच्या कागदावर यांच्याबद्दल जे लिहिलं आहे ते खोटं आहे. त्यांनी गाडी पुरी केली होती. ती मी बिघडवली. ते लिहा."

त्यांनी फाइल मागवली. माझ्यासमोर चार ओळी लिहिल्या, इंग्रजीत. मला वाचता आल्या नाहीत. मी नमस्कार केला आणि घरी आले, आणि कोणाला काही बोलले नाही. पुन्हा तेच, पण या वेळी मला झोप लागत होती.

पासष्टच्या उन्हाळ्यात दुसऱ्या तुकडीचं पत्र आलं. यांचं नाव होतं. वय बेचाळीस, तुकडीत सगळ्यांत थोराड. हेडक्लार्कने हौसेने शेऱ्याची नक्कलही दिली होती. दुपारची वेळ, मी यांची पेटी भरत होते. हे दारात उभे राहून कागद वाचत होते, एकदा वाचला, दोनदा वाचला, मग मला मराठीत सांगितला.

"जुना शेरा रद्द. प्रदर्शनातल्या बिघाडाचं कारण सौ. तारा सगदेव यांनी स्वतः येऊन कळवलं. बनवणाऱ्याच्या कामात दोष नव्हता. मात्र चालवण्यापूर्वी त्याने तपासणी करायला हवी होती."

"शेवटचं वाक्य त्यांनी उगाच घातलं," मी म्हटलं.

"शेवटचं बरोबर आहे. तेवढं माझं." यांनी कागदाची घडी घातली. "मला राग कुंकवाचा नव्हता आला, तारा. कुंकू मी दोन मिनिटांत साफ केलं असतं. मी तिथून तुझ्याकडे पाहिलं आणि तू मान खाली घातलीस."

मी त्यांचे सदरे पेटीत ठेवत राहिले.

"मग वर्षभर रोज वाट पाहिली," हे म्हणाले. "आज सांगेल, उद्या सांगेल. विचारलं असतं तर तू सांगितलंच असतंस. पण मला विचारायचं नव्हतं."

खरं होतं ते. मी पेटीचं झाकण लावलं, कडी बसेना म्हणून त्यावर बसले, आणि यांनी वाकून कडी लावली.